पानाच्या खालच्या अंगाला

काचबेडकाचा फोटो तुमच्या फोनवर कधी ना कधी आलेलाच असणार. पोपटी कडा, मधोमध लाल ठिपक्याएवढं हृदय, आतड्यांचं पांढरं वेटोळं आणि चारही पाय पसरून काचेला चिकटलेला एक इवलासा जीव. फोटो खरा असतो, पण त्यात एक गोम आहे. जंगलात हा बेडूक असा कुणालाच दिसत नाही. त्याचं पोट पानाला टेकलेलं असतं. ते पाहायचं तर त्याला पानावरून उचलून काचेवर ठेवावं लागतं आणि कॅमेरा काचेखालून लावावा लागतो. पक्ष्याला, सापाला, कोळ्याला दिसते ती त्याची पाठ, आणि पाठ तर चांगली हिरवीगार असते.

मग पोट आरपार दिसण्याचा उपयोग तरी काय? हा प्रश्न जुना आहे. त्याची नीट उत्तरं मात्र गेल्या काही वर्षांतच मिळायला लागली. त्यांचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. या बेडकाच्या काचेचं जेवढं कौतुक झालं, तेवढं त्याच्या पानाचं झालं नाही. तो जगतो पानावर, झोपतो पानावर, आणि त्याच्या संसाराची सगळी धामधूम पानाच्या खालच्या अंगाला चालते.

काचबेडूक ही एक जात नाही, अख्खं कुळ आहे. शास्त्रीय नाव सेंट्रोलेनिडी. आजवर सुमारे १६० जातींची नोंद झाली आहे आणि अजून भर पडतेच आहे. पहिल्या जातीचं वर्णन मार्कोस हिमेनेस दे ला एस्पादा या स्पॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली केलं. गंमत अशी, की त्याच्या हाती लागलेला बेडूक या कुळातला दांडगोबा निघाला. सेंट्रोलेनी गेकोइडियम नावाची ही जात आठेक सेंटीमीटर वाढते. बाकीचे बहुतेक भाऊबंद दोन ते तीन सेंटीमीटरचे, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यावर सहज मावतील असे. कुळाला वेगळा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडलं. तो एडवर्ड टेलर या अमेरिकन अभ्यासकाने दिला. त्यातल्या सर्वांत ‘काचेरी’ गटाचं नाव हायालिनोबॅट्रॅकियम. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच काचबेडूक.

झाडावरच्या इतर हिरव्या बेडकांमधून काचबेडूक ओळखायचा तर डोळे बघावेत. इतर वृक्षबेडकांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. याचे पुढे रोखलेले, सोनेरी बुबुळांचे. त्यामुळे चेहऱ्यावर कायम काहीसा भांबावलेला भाव दिसतो. २०१५ साली कोस्टा रिकातून हायालिनोबॅट्रॅकियम डायनी या जातीचं वर्णन झालं, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिची तुलना टीव्हीवरच्या कर्मिट नावाच्या बाहुल्या-बेडकाशी केली ती या डोळ्यांमुळेच. अभ्यासकांना मात्र डोळ्यांपेक्षा हाडं महत्त्वाची. या कुळात घोट्याजवळची दोन लांब हाडं एकमेकांत जुळलेली असतात आणि बोटांची टोकं इंग्रजी टी अक्षरासारखी. कित्येक जातींची हाडं चक्क हिरवी असतात. पित्तातल्या बिलिव्हर्डिन या रंगद्रव्याचा हा प्रताप. माणसाच्या अंगावरचा जुना मुका मार हिरवट दिसतो तो याच द्रव्यामुळे. काही जातींत नराच्या दंडाच्या हाडातून आकड्यासारखा काटा निघतो आणि तो कुस्तीत वापरला जातो. दोन नर पानाला मागच्या पायांनी लोंबकळून पुढच्या पायांनी एकमेकांना धरतात. ज्याची पकड सुटली तो खाली.

आता काचेकडे येऊ. पोटाची कातडी आरपार असते हे खरं, पण आतले अवयव सगळ्या जातींत सारखे दिसत नाहीत. अवयवांभोवती पातळ पडदे असतात आणि त्यांतले काही पांढरेशुभ्र, चकाकणारे असतात. कुठला पडदा पांढरा आणि कुठला स्वच्छ, यावर जाती ओळखल्या जातात. हायालिनोबॅट्रॅकियम याकू या इक्वेडोरच्या जातीत हृदयावर पडदाच नाही म्हटलं तरी चालेल. ठोका मोजता येतो. याकू म्हणजे तिथल्या किचवा भाषेत पाणी. इतर कित्येक जातींत हृदय पांढऱ्या पिशवीत झाकलेलं असतं. संग्रहालयांची एक अडचण इथेच सुरू होते. बेडूक अल्कोहोलात ठेवला की हिरवा रंग उडतो आणि थोड्याच दिवसांत सगळे नमुने सारखेच फिकट, दह्याच्या रंगाचे होतात. म्हणून या कुळाचा अभ्यास करणाऱ्याला बाटलीइतकाच जिवंतपणीचा फोटो आणि नराच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण लागतं. त्याशिवाय नवी जात ठरवणं कठीण.

उपयोगाच्या प्रश्नाला पहिलं पटण्यासारखं उत्तर २०२० साली आलं. जेम्स बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्वेडोरच्या जंगलात जिलेटिनचे खोटे बेडूक ठेवले. निम्मे अर्धपारदर्शक, निम्मे अपारदर्शक. पक्ष्यांनी अपारदर्शक जास्त टिपले. पण त्याहून मोलाचं निरीक्षण जिवंत बेडकांवरचं होतं. हा बेडूक वेगवेगळ्या पानांवर बसवला तर त्याच्या पाठीचा रंग फारसा बदलत नाही, उजळपणा बदलतो. आणि सर्वांत जास्त आरपार असतात ते पाय. झोपताना तो पाय अंगाशी घेऊन बसतो. मग पानाचा हिरवा, पायांचा अर्धा हिरवा आणि धडाचा हिरवा असा उतार तयार होतो. बेडकाची कड पुसली जाते आणि शिकारी फसतो, कारण तो आधी कड शोधत असतो. चित्रकार जलरंगात कड ओली ठेवून रंग पसरू देतो, तसाच हा प्रकार. तेव्हा ‘अदृश्य बेडूक’ हे बिरुद चुकीचं आहे. बेडूक दिसतो, कुठे संपतो ते कळत नाही.

दुसरी गोष्ट १९७७ सालापासून माहीत आहे, पण तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. पानं दिसत्या प्रकाशातला हिरवा रंग परावर्तित करतात, तशीच डोळ्यांना न दिसणारे लगतचे अवरक्त किरणही परत फेकतात. बहुतेक हिरवे बेडूक इथे पकडले जातात. अवरक्त फोटोत ते पानावर काळे डाग दिसतात. काचबेडूक मात्र तिथेही पानासारखाच उजळ दिसतो. हा फायदा नेमका कुणाच्या नजरेपासून, यावर वाद आहे. साप उष्णतेने शिकार ओळखतात ते किरण वेगळे, एवढं इथे लक्षात ठेवलेलं बरं. लोकप्रिय लेखांत या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

तिसरा शोध मला सर्वांत थक्क करणारा वाटतो. कातडी आरपार झाली, स्नायू आरपार झाले, पण रक्ताचं काय? तांबड्या पेशी प्रकाश शोषतात. अंगभर रक्त फिरत असेल तर सगळा डाव फसला. जेसी डेलिया आणि कार्लोस ताबोआदा या अभ्यासकांना दिसलं, की फ्लाइशमान काचबेडूक या जातीचा बेडूक झोपला की त्याच्या अंगात लाल रंगच उरत नाही. जागा झाला, उडी मारली, की लाली परत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या चमूने याचं कोडं सोडवलं. झोपताना हा बेडूक सुमारे ८९ टक्के तांबड्या पेशी यकृतात साठवून ठेवतो. यकृताला बाहेरून आरशासारखा पांढरा मुलामा असतो, त्यामुळे आतली लाली बाहेर फुटत नाही. बेडूक दुप्पट-तिप्पट पारदर्शक होतो. प्रयोगात एक अडचण होती. भूल दिली की रक्त पुन्हा वाहू लागतं, म्हणजे झोप नैसर्गिकच हवी. म्हणून त्यांनी प्रकाश टाकून पेशींतून उठणाऱ्या ध्वनिलहरी टिपण्याचं तंत्र वापरलं आणि झोपलेल्या बेडकाला न उठवता आतलं रक्त मोजलं. माणसाच्या शरीरात एवढ्या पेशी एका जागी कोंबल्या तर गुठळी होऊन जीव जाईल. हा बेडूक रोज सकाळी हेच करतो आणि संध्याकाळी उठून गायला लागतो. त्याच्या गुठळ्या का होत नाहीत, याच्या मागे आता वैद्यकातले लोकही लागले आहेत.

कुठे राहतात ते थोडक्यात सांगतो. दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिका, अँडीज पर्वत, अ‍ॅमेझॉनचं खोरं आणि गयानाचं पठार, शिवाय ब्राझीलचं अटलांटिक जंगल आणि उत्तर अर्जेंटिना. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्याही वर. सर्वाधिक जाती कोलंबियात, त्याखालोखाल इक्वेडोरमध्ये. इक्वेडोरसारख्या छोट्या देशात सुमारे ६० जाती आहेत. कारण अँडीज. एकेक दरी हे एकेक बेट. २०२२ साली इक्वेडोरमधून हायालिनोबॅट्रॅकियम माश्पी आणि हायालिनोबॅट्रॅकियम नाउन्स या दोन जातींचं वर्णन झालं. दोघी दिसायला जवळजवळ सारख्या. राहतात त्या वीसएक किलोमीटरवर, ग्वायाबांबा नदीच्या अल्याड आणि पल्याड. पण डीएनए आणि आवाज वेगळे. आपल्याकडे मधल्या दऱ्यांनी सह्याद्रीतल्या बेडकांचं जे केलं, तेच तिथे कैकपटीने झालं आहे. नकाशावर फार पसरलेल्या दिसणाऱ्या जातींबद्दल म्हणूनच सावध राहायचं. फ्लाइशमान काचबेडूक मेक्सिकोपासून इक्वेडोरपर्यंत पसरला आहे असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. आता त्यातून मेक्सिकोकडचे बेडूक वेगळी जात म्हणून बाजूला काढले गेले आहेत.

जागेच्या बाबतीत एक अट मात्र जवळजवळ सगळ्यांची सारखी. वाहतं पाणी आणि त्यावर झुकलेलं पान. डबकं चालत नाही.

पावसाळ्याची रात्र. ओढ्यावर वाकलेल्या रुंद पानाच्या खालच्या बाजूला उलटा चिकटून फ्लाइशमान काचबेडकाचा नर शिटी घालतो. बारीक, एका सुराची, चढती. पान त्याची मालमत्ता असते. दुसरा नर आला तर मारामारी. मादी आली की नर तिच्या पाठीवर बसतो आणि पानाच्या खालच्या बाजूला ती वीस-तीस फिकट हिरव्या अंड्यांचा एकपदरी पुंजका घालते. मग ती निघून जाते. इथून पुढची जबाबदारी बापाची.

पानाखालची अंडी सुकू शकतात, हा पहिला धोका. नर रात्री येऊन पुंजक्यावर पोट टेकून बसतो आणि मूत्राशयातलं पाणी त्यावर सोडतो. कातडीतून शोषलेलं पाणी तो अंड्यांना पाजतो, असं म्हणायला हरकत नाही. पाणी मिळालं की भोवतालची जेली फुगते, आणि फुगलेल्या जेलीतून अंडं उपसणं कीटकाला जड जातं. अंड्यांचे गिऱ्हाईक तरी किती! गांधीलमाश्या येतात, मुंग्या येतात, टोळांच्या जातीचे कीटक येतात. रात्रीचे मांजरडोळे साप एका घासात अख्खा पुंजका गिळतात. फळमाशीच्या गोतावळ्यातली एक माशी तर पुंजक्यावर स्वतःची अंडी घालून जाते. पुंजका जवळून पाहिला तर निरोगी अंड्यात शेपूट हलवणारं पिल्लू दिसतं आणि शेजारच्या अंड्यात, पिल्लाच्या जागी, गढूळ रश्श्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या.

एका नराच्या पानावर चार-पाच पुंजके असू शकतात, वेगवेगळ्या माद्यांचे आणि वेगवेगळ्या वयांचे. फ्लाइशमानचा नर रात्री राबतो आणि दिवसा दुसऱ्या पानावर झोपायला जातो. कोस्टा रिकातल्या हायालिनोबॅट्रॅकियम व्हालेरिओई जातीचा नर दिवसाही हलत नाही. त्याच्या पाठीवरचे पिवळे गोल ठिपके पुंजक्यातल्या अंड्यांसारखे दिसतात. अंड्यांशेजारी तो बसला की तोही एक पुंजकाच वाटतो. अंड्यांपासून नर काढून घेतला की काय होतं, हे प्रयोग करून पाहिलं आहे. अंडी झपाट्याने फस्त होतात.

ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमधल्या हायालिनोबॅट्रॅकियम कॅपेली जातीवरच्या कामातून कळलं, की माद्या आधीच अंडी सांभाळणाऱ्या नराला पसंती देतात. ज्याच्या पानावर पुंजका आहे त्याच्याच पानावर आणखी पुंजके. मग एखादा बिनअंड्यांचा नर दुसऱ्याचा बेवारस पुंजका सांभाळू लागतो. त्यात त्याचं एकही पिल्लू नसतं, पण त्याच्या जोरावर लग्न जमतं. याला त्याग म्हणायचं की हिशेब, ते वाचकाने ठरवावं. मी हिशेबाच्या बाजूने आहे.

पण बापाच्या या कौतुकात आईची नोंद बरीच वर्षं राहूनच गेली. अंडी घालून मादी निघून जाते, असं पुस्तकांत लिहिलेलं असायचं. डेलिया आणि सहकाऱ्यांनी कित्येक देशांत रात्री जागून सुमारे ४० जाती पाहिल्या आणि २०१७ साली छापलं, की बऱ्याच जातींत मादी लगेच जात नाही. अंडी घातल्यावर त्या पहिल्या रात्री काही तास ती त्यांच्यावर बसून राहते आणि जेली पाण्याने फुगवते. एवढ्याने अंड्यांभोवतीची तटबंदी तयार होते. ती मध्येच हटवली तर बहुतेक पुंजके टिकत नाहीत. आईची ही थोड्या तासांची पाळी कुळात जुनी, आणि बापाची आठवडेभराची ड्युटी नंतर आलेली, असा त्यांचा निष्कर्ष. आधीच्या अभ्यासकांच्या नजरेतून हे सुटलं ते साध्या कारणाने. पहाटेपर्यंत कुणी थांबलंच नव्हतं. कोलंबियातल्या सिएरा नेवादा दे सांता मार्ता पर्वतात तर इकाकोगी ताइरोना नावाची जात आहे, तिच्यात अंडी सांभाळायचं दीर्घ काम आईच करते.

आणि पिल्लं? ती नुसती वाट पाहत नसतात. बाप रोज येत असेल तर ती अंड्यातच थांबतात, मोठी होतात, भक्कम शेपटीने बाहेर पडतात. बाप यायचा थांबला आणि जेली सुकू लागली, की अर्धीकच्ची असतानाच अंडं फोडून खाली उडी घेतात. थेट ओढ्यात. बेडूकमासा पाण्यात पडला की पोहत बसत नाही; तळाच्या कुजक्या पानांत आणि गाळात शिरतो. लांब, किड्यासारखं अंग, कातडीखाली दडलेले बारीक डोळे आणि आरपार कातडीतून दिसणाऱ्या रक्तामुळे लालसर छटा. तिथे महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षभरही, तो गाळात काढतो. काचबेडकाच्या आयुष्याचा हा भाग जवळजवळ कुणीच पाहिलेला नाही. फोटो येत नाही म्हणून प्रसिद्धीही नाही.

पाण्यावरच्या पानावर अंडी घालण्याची युक्ती फक्त त्यांची नाही. आपल्या सह्याद्रीतला बॉम्बे नाइट फ्रॉग, म्हणजे निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, पावसात ओढ्यावर झुकलेल्या पानांवर, खडकांवर अशीच अंडी घालतो आणि पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींच्या नावाचा हा बेडूक. कोयनेच्या परिसरात हुंबर्ली गावाजवळ त्याचं मीलन टिपलं गेलं आणि २०१६ साली प्रसिद्ध झालं. नर मादीला न पकडता तिच्या पाठीवर शुक्राणू सोडून बाजूला होतो, अंडी ती नंतर घालते. काचबेडकांशी त्याचं नातं दूरचंच. ओढा आणि मुसळधार पाऊस या दोन मास्तरांनी दोन खंडांत एकच धडा शिकवला. असंच दुसरं उदाहरण आवाजाचं. धबधब्यापाशी राहणारा साचाटामिया ओरेहुएला हा इक्वेडोरचा काचबेडूक गाण्यासोबत हातपाय हलवून खुणा करतो, कारण पाण्याच्या गोंगाटात गाणं बुडतं. सह्याद्रीच्या दक्षिण भागातले नाचरे बेडूक पाय उंचावून हेच करतात.

संकटांची यादी ओळखीची आहे. जंगलतोड, खाणी, बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी. अँडीजच्या उंच भागातले काही काचबेडूक या बुरशीच्या काळात दिसेनासे झाले. बोलिव्हियात निम्फार्गस बेहारानोई ही जात १८ वर्षांनी, २०२० मध्ये पुन्हा सापडली, तीही जलविद्युत प्रकल्पाच्या परिसरात. इक्वेडोरमध्ये मात्र एक वेगळी गोष्ट घडली. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने लोस सेद्रोस या ढगाळ जंगलात खाणकामाला मनाई केली आणि ती करताना जंगलाच्या स्वतःच्या हक्कांचा आधार घेतला. खालच्या ओढ्यांच्या दृष्टीने कुठल्याही अभयारण्याच्या पाटीपेक्षा हा निकाल मला जास्त भरवशाचा वाटतो.

आणि मग तो फोटो. तो जसजसा पसरला तसतसा बेडूक बाजारात आला. अमेरिकेत २०१६ साली १३ काचबेडूक आयात झाल्याची नोंद होती. २०२१ साली हा आकडा ५,७४४ झाला. वन्यजीव व्यापारावरच्या साइटीस करारात या कुळातले काही गट घ्यावेत, हा प्रस्ताव २०१९ मध्ये फेटाळला गेला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत नवा प्रस्ताव मंजूर झाला आणि सगळं कुळ दुसऱ्या परिशिष्टात गेलं. म्हणजे व्यापार बंद नाही, पण परवान्याशिवाय निर्यात नाही. भारतातही वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइटीसच्या यादीतला परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे.

जाता जाता फोटोबद्दलच एक विनंती. पोटाखालून घेतलेल्या त्या चित्रासाठी बेडूक पानावरून उचललेला असतो. तो नर असेल आणि दिवस पावसाचे असतील, तर तेवढा वेळ त्याचे पुंजके उघडे राहतात, आणि गांधीलमाशीला एक फेरी पुरते. पुढच्या वेळी असा फोटो आला तर काढणाऱ्याला एवढंच विचारा, की पान उलटून पाहिलं होतं का.